यादी आणि आकडा

"यादी लागली का?" हा प्रश्न महाराष्ट्रात बारावीनंतरचे दोन महिने काढलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर टाचण्यांनी लावलेले कागद, समोर गर्दी, मान वाकडी करून आपलं नाव शोधायचं, मग मैत्रिणीचं, मग ज्याच्याशी पटत नाही त्याचंही. नावापुढे गुण आणि गुणांपुढे एका अरुंद रकान्यात प्रवर्ग. आता बोर्डाची जागा पीडीएफने घेतली आहे. सीईटी सेलच्या गुणवत्ता यादीत नाव, पर्सेंटाइल आणि प्रवर्ग एका ओळीत येतात, आणि ती फाइल पुण्यातून उघडते तशीच मेडनहेडमधूनही उघडते.

इथे ब्रिटनमध्ये यादी लागत नाही. ज्याचा निकाल त्याला यूकासच्या खात्यात कळतो. शेजारच्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला हे तिने किंवा तिच्या आईने सांगितलं तरच कळणार. आकडे मात्र ढिगाने मिळतात. 'हेसा' नावाची संस्था १९९३ साली त्यासाठीच स्थापन झाली (२०२२ पासून ती 'जिस्क'चा भाग आहे). कुठल्या विद्यापीठात किती विद्यार्थी, त्यांत मुली किती, कुठल्या वंशाचे किती, परदेशातून आलेले किती, अपंगत्व नोंदवलेले किती, हे सगळं कुणालाही फुकट पाहता येतं. फक्त एक गंमत आहे. इथला कुठलाही आकडा अगदी खरा नसतो. प्रत्येक संख्या जवळच्या पाचाच्या पटीत बसवलेली असते. तीन विद्यार्थी असतील तर तक्त्यात पाच दिसतात. दोन असतील तर शून्य. एक असेल तरी शून्यच. एकट्यादुकट्या विद्यार्थ्याला तक्त्यातून कुणी ओळखून काढू नये म्हणून मुद्दाम केलेली ही ढवळाढवळ आहे.

म्हणजे एका ठिकाणी माणूस नावानिशी, जातीनिशी भिंतीवर; दुसऱ्या ठिकाणी तो इतका झाकलेला की एकटा असला तर तो नाहीच. दोन्ही ठिकाणी जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्था आहेत, आणि दोन्ही ठिकाणी आपण पारदर्शक आहोत असं त्या म्हणतात. विद्यार्थ्यांची मोजणी करून ती लोकांसमोर ठेवायची तर नेमकं काय ठेवायचं? आणि मोजल्या गेलेल्या मुलाचं त्यात काही म्हणणं असावं की नाही?

मोजायचं कशासाठी, इथून सुरुवात केलेली बरी. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८६२ साली त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघंच. तिथे यादी आणि आकडा यांत फरकच नव्हता. नावं वाचली की मोजणी झाली, आणि कोण शिकतंय हेही नावांवरूनच कळत होतं. वीस वर्षांनी, १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे आपलं निवेदन ठेवलं तेव्हा प्रश्न चार नावांच्या पलीकडे गेला होता. त्यांच्या म्हणण्याचा गाभा साधा होता. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि वरच्या शिक्षणावर तो खर्च होतो तेव्हा त्याचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. ज्यांच्या पैशावर वर्ग चालतो आणि जे वर्गात बसतात, ते एक आहेत का? विद्यार्थिसंख्येची जाहीर आकडेवारी प्रवर्गवार का हवी, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही. हा हिशेब पैसे घेणाऱ्याने पैसे देणाऱ्याला द्यायचा आहे. उत्तर देण्याची जबाबदारी विद्यापीठाची. बाकावर बसलेल्या मुलावर ती कुणी टाकलेली नाही.

हाच प्रश्न इथे डेव्हिड लॅमी या खासदारांनी ऑक्सफर्डला विचारला. माहितीच्या अधिकारात त्यांनी आकडे मागवले आणि २०१० च्या अखेरीला ते जाहीर केले. २००९ साली ऑक्सफर्डने पदवी वर्गात घेतलेल्या ब्रिटिश विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय कॅरिबियन वंशाचा विद्यार्थी होता एक. एप्रिल २०११ मध्ये खुद्द पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी तो आकडा भाषणात वापरला, तोही चुकीचा. कृष्णवर्णीय विद्यार्थी एकच, असं ते म्हणाले. ऑक्सफर्डने लगेच खुलासा केला की एक हा फक्त कॅरिबियन वंशाचा आकडा आहे, कृष्णवर्णीय ब्रिटिश विद्यार्थी त्या वर्षी सत्तावीस होते. सत्तावीस म्हणजे फार झाले असं नाही, पण गोंधळ व्हायचा तो झाला. लॅमींनी पिच्छा सोडला नाही. २०१७ मध्ये त्यांनी आणखी आकडे बाहेर काढले, आणि २०१८ पासून ऑक्सफर्ड स्वतःच दरवर्षी प्रवेशाचा अहवाल प्रसिद्ध करू लागलं. खाजगी शाळांतून किती आले, कुठल्या भागांतून आले, कुठल्या वंशाचे आले, हे आता मागावं लागत नाही.

मला त्या 'एक'चा विचार सोडवत नाही. पाचाच्या पटीचा नियम लावला असता तर तिथे शून्य छापलं गेलं असतं. शून्यानेही गदारोळ झाला असता, पण तो खोट्यावर उभा राहिला असता. 'एक' छापलं म्हणून पंतप्रधानांना बोलावं लागलं आणि सात-आठ वर्षांत विद्यापीठाला रीत बदलावी लागली. आणि त्या वर्षी ऑक्सफर्डमध्ये एक अठरा-एकोणीस वर्षांचं मूल होतं, ज्याला जेवणाच्या टेबलावर सगळे ओळखत होते की वर्तमानपत्रातला तो आकडा म्हणजे हा. त्याला किंवा तिला कुणी विचारलं नव्हतं. आकडा निनावी असतो असं आपण म्हणतो. एकावर आला की त्याला चेहरा फुटतो. लॅमींनी तो आकडा प्रसिद्ध करायला नको होता, असं मात्र मला म्हणवत नाही. त्यामुळे बदललेलं फार मोठं आहे. पण त्या बदलाची किंमत कुणी मोजली, हेही अहवालात कुठेतरी यायला हवं होतं असं वाटतं.

यातून वाट काढता येते. पाच वर्षांची बेरीज एकत्र द्यावी. आणि किती आले याच्याइतकंच ठळकपणे किती जणांनी अर्ज केले आणि किती जणांना नाकारलं तेही द्यावं. नाकारलेल्यांचा आकडा संस्थेकडे बोट दाखवतो, आलेल्या एकट्याकडे नाही. संस्थांना नेमका तोच द्यायला जिवावर येतं.

आता महाराष्ट्राकडे वळतो, कारण नाव-प्रवर्गाची यादी भिंतीवर लावणं हे मागासलेपण आहे असं म्हणून हात झटकणं फार सोपं आहे. इथे चार-पाच वर्षं राहिलं की आपल्याला ते सुचायला लागतंच. त्या यादीमागे एक न्यायबुद्धी आहे. माझ्यापेक्षा कमी गुणांच्या कुणाला मागच्या दाराने आत घेतलं का, हे बार्शीच्या किंवा हिंगोलीच्या मुलीला वकील न लावता तपासता आलं पाहिजे. तिचा संस्थेवर विश्वास नाही, आणि तो नसावा यासाठी तिच्याकडे पुरेशी कारणं आहेत. जिथे बेरजेवर कुणाचा भरवसा नसतो तिथे लोक बेरजेची प्रत्येक ओळ मागतात. ब्रिटनमध्ये माणसं गोल केलेल्या आकड्यावर समाधान मानतात, कारण मागची यादी खरी आहे हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. गृहीत धरता येणं ही चैन आहे.

ती महाराष्ट्राला का परवडत नाही, याचा पुरावा २०११ सालचा आहे. विद्यापीठांचा नव्हे, शाळांचा. पण पटसंख्या नावाच्या गोष्टीबद्दल त्याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना तिथे शाळांचा पट तपासला गेला आणि पटावरची नावं व वर्गातली मुलं यांचा मेळ बसेना. मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. तेच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली, मतदानाला लावतात तशी. पटावर होती पण वर्गात नव्हती अशी नावं निघाली सुमारे वीस लाख. काही मुलं आजारी असतील, काही मामाच्या गावाला गेली असतील, पण वीस लाखांना इतके मामा नसतात. प्रत्येक नावावर शिक्षकाचं पद, खिचडीचा तांदूळ, गणवेश, अनुदान उचललं जात होतं. निम्म्याहून कमी मुलं हजर असलेल्या शाळाच १,४०४ निघाल्या. त्यांच्यावरच्या कारवाईचं प्रकरण पुढे कित्येक वर्षं औरंगाबाद खंडपीठात रेंगाळलं.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की या शाळांकडे यादी होती. नावं, जन्मतारखा, जाती, सगळं. यादी असणं म्हणजे माणूस असणं नव्हे. आणि त्या वीस लाख खोट्या नावांचं ओझं शेवटी खऱ्या मुलांवरच आलं. पुढे शिक्षकांची पदं मंजूर करताना आधार जुळलेलेच विद्यार्थी धरायचं ठरलं, तेव्हा नावातल्या एका वेलांटीसाठी किंवा न उमटणाऱ्या बोटाच्या ठशासाठी ज्याचं आधार जुळत नाही असा मुलगा बाकावर बसूनही हिशेबात राहिला नाही. पूर्वी नसलेली मुलं मोजली जात होती, आता असलेली वगळली जाऊ लागली. संस्थेच्या खोटेपणाची तपासणी मुलाच्या अंगठ्यावर कशी उतरली, याची कुणी खंत केल्याचं फारसं वाचनात नाही.

म्हणून माझं मत असं, की त्या बार्शीच्या मुलीला यादी हवी, पण यादीत नाव कशाला हवं? क्रम तपासायला गुण आणि प्रवर्ग पुरतात, आणि ओळखायला अर्जाचा क्रमांक. आपल्याला हे नवीन नाही. एके काळी दहावीचा निकाल वर्तमानपत्रात बैठक क्रमांकांच्या रांगांनी छापून यायचा. पहाटे स्टँडवर जाऊन पेपर आणायचा, आपला क्रमांक बोटाने शोधायचा. आपला आपल्याला कळायचा, दुसऱ्याचा त्याने सांगितला तर. गावाला सगळ्यांचे क्रमांक पाठ असायचे ही गोष्ट वेगळी, पण निदान छापणाऱ्याने चहाडी केलेली नसायची.

नावाचा हा प्रश्न परदेशात आलेल्या मराठी मुलांना वेगळ्याच ठिकाणी बोचतो. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांतले पंचाहत्तर विद्यार्थी तीतून दरवर्षी परदेशी विद्यापीठांत जातात, त्यांतले पुष्कळसे ब्रिटनमध्ये. योजना फार मोलाची आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेलेल्या आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेल्या विद्यार्थ्याची आठवण त्यातल्या प्रत्येकाच्या मनात असणार. पण निवड झालेल्यांची यादी नावानिशी जाहीर होते आणि इंटरनेटवर कायमची राहते. म्हणजे मुलगा हजारो मैल उडून जिथे कुणाला त्याची जात विचारायची सुचणार नाही अशा गावात उतरतो, आणि त्याच्या फ्लॅटमधला दुसरा मराठी मुलगा एका शोधात ती काढू शकतो. इथल्या गोऱ्या प्राध्यापकाला ती कळत नाही, कळते ती आपल्याच माणसाला. सरकारचा पैसा आहे, तेव्हा कुणाला दिला ते सांगायलाच हवं, हा युक्तिवाद मला मान्य आहे. मग कुठल्या विद्यापीठाला किती, कुठल्या विषयाला किती, किती जणांनी शिक्षण पूर्ण केलं, पैसे वेळेवर पोचले का, हे सांगा. परक्या गावात हप्त्याची वाट पाहत बसलेल्या मुलाला आपलं नाव छापून येण्यापेक्षा त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर छापून आलेलं जास्त उपयोगाचं.

ब्रिटनच्या तक्त्यांत याची उलटी बाजू दिसते. तिथे जात कुणी विचारतच नाही. आपली इथे वाढलेली मुलं वंशाच्या रकान्यात 'भारतीय' या एका खुणेखाली येतात. नांदेडचा भूमिहीनाचा नातू आणि कोथरूडच्या बंगल्यातली नात, दोघंही. २०१० च्या समानता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करावा की नाही, यावर इथे बरीच वर्षं वाद चालला आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने तसं करायचं नाही असं जाहीर केलं. तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्याचा अर्थ असाही होतो, की परदेशी शिक्षणाच्या लाटेत मराठी समाजातलं कोण आलं आणि कोण मागे राहिलं, हा फुल्यांचा प्रश्न इथल्या आकड्यांना विचारताच येत नाही. २०२२-२३ मध्ये ब्रिटनमधल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीय चीनच्याही पुढे, पहिल्या क्रमांकावर गेले आणि आपण अभिमानाने ते एकमेकांना पाठवलं. त्या अभिमानाच्या पोटात किती घरं आहेत आणि कुठली, ते आपल्याला ठाऊक नाही.

एवढ्यावरून असं वाटेल की मी आकड्याच्या बाजूचा आणि यादीच्या विरुद्ध आहे. बराचसा आहेही. पण मेडनहेडमध्ये राहणाऱ्याला आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, कारण प्रत्येक आकड्याच्या मागे कुठेतरी यादी असते. इंग्लंडच्या सरकारी शाळांत वर्षातून तीनदा विद्यार्थ्यांची गणना होते. २०१६ च्या ऑक्टोबरमधल्या गणनेत दोन नवे प्रश्न आले: मुलाचं राष्ट्रीयत्व काय आणि जन्म कुठल्या देशातला. कारण सांगितलं गेलं नियोजनाचं. मग बाहेर आलं की शिक्षण खात्याने गृहखात्याशी २०१५ च्या जुलैमध्ये करार केला होता, आणि महिन्याला दीड हजारापर्यंत मुलांची माहिती, मुख्यतः पत्ते, स्थलांतर तपासणीसाठी देण्याची त्यात सोय होती. करार झाला तेव्हा गृहमंत्री होत्या टेरेसा मे, म्हणजे १९९७ पासून २०२४ पर्यंत आमच्या मेडनहेडच्याच खासदार. पालकांनी उत्तर न देण्याची मोहीम चालवली, काही शाळांनी गैरसमजातून पासपोर्ट मागितल्याच्या बातम्या आल्या, आणि २०१८ मध्ये ते प्रश्न गणनेतून काढले गेले. वर्गात जागा किती लागतील म्हणून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दार ठोठावायला वापरता येतं, हे तेव्हा इथल्या कितीतरी घरांना पहिल्यांदा कळलं. ज्यांचे कागद पक्के होते त्यांनी खांदे उडवून फॉर्म भरला. मराठी घरांत तर शाळेने मागितलं की द्यायचं, ही शिकवणच आहे.

त्याच वर्षांत दुसरा एक आकडा फिरत होता. शिक्षण संपल्यावर दरवर्षी सुमारे एक लाख परदेशी विद्यार्थी परत जातच नाहीत, असा. तो आला होता विमानतळावरच्या प्रवाशांच्या नमुना पाहणीतून. तो धरून कडक धोरणं आखली गेली. शिक्षणानंतर काम करायचा व्हिसा २०१२ मध्ये बंद झाला आणि भारतातून नव्याने येणारे विद्यार्थी काही वर्षांत निम्म्याहून कमी झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये देश सोडणाऱ्यांच्या प्रत्यक्ष नोंदींवर आधारित आकडे आले, तेव्हा दिसलं की ज्यांचा व्हिसा संपला त्यांतले सत्त्याण्णव टक्क्यांहून जास्त विद्यार्थी वेळेत परत गेले होते. विद्यापीठांकडे पटाच्या याद्या होत्या, सरकारकडे व्हिसाच्या याद्या होत्या. बेरीज मात्र अंदाजाने केली आणि ती राजकारणाला सोयीची होती म्हणून वर्षानुवर्षं कुणी तपासली नाही. मधल्या काळात लातूर-सांगलीच्या किती मुलांनी ब्रिटनचा नाद सोडून ऑस्ट्रेलिया-कॅनडाची वाट धरली, त्यांची यादी कुणाकडेही नाही.

नांदेडच्या पटावर जी मुलं नव्हती ती मोजली गेली, आणि इथे परत गेलेली मुलं राहिलेल्यांत मोजली गेली. दोन्हीकडे चूक संस्थांची होती आणि संशय मुलांवर गेला. म्हणून कुठलंही विद्यापीठ, कुठलंही खातं आपले विद्यार्थी मोजायला लागलं की मी आधी पाहतो तो रकाना हा: चूक निघाली तर उत्तर कोण देणार? 'ऐश' नावाच्या भारतातल्या उच्चशिक्षणाच्या वार्षिक सर्वेक्षणात सव्वाचार कोटींहून जास्त विद्यार्थी दिसतात. तो आकडा कॉलेजांनी स्वतः भरलेल्या माहितीवर उभा आहे. पटपडताळणी शाळांची झाली. कॉलेजांच्या वर्गात जाऊन राज्यभर तीन दिवस डोकी मोजल्याचं माझ्या ऐकिवात नाही. एफ.वाय.च्या वर्गात जुलैत किती नावं असतात आणि फेब्रुवारीत किती मुलं बसलेली असतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ते कुठेही छापून येत नाही, आणि तिथे ना कुणाचं नाव उघडं पडणार आहे, ना जात.

परवा इथल्या एका मराठी घरी गणपतीच्या आरतीनंतर नुकत्याच आलेल्या एका विद्यार्थ्याला कुणीतरी अगदी मायेने विचारलं, "कुठल्या स्कॉलरशिपवर आलास रे?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "लोन काढलंय काका." खरं असेलही. प्रसादाची ताटली पुढे गेली आणि बोलणं घरभाड्यांवर आलं.